तपासणीची तयारी आणि खरी नोंद
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





आपण मला येथे दोन शब्द बोलण्यासाठी बोलावलेत याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मी वक्ता नव्हे. माझे सारे आयुष्य पिंपरी, भोसरी आणि चाकण या पट्ट्यातील कारखान्यांत मालाची तपासणी करण्यात गेले. मायक्रोमीटर हातात असला की मला बोलता येते, माइक हातात आला की घसा कोरडा पडतो. तेव्हा माझ्या बोलण्यात काही उणे आढळले तर एकदम 'रिजेक्ट' करू नका, 'रीवर्क'ला पाठवा, एवढीच विनंती.

मला दिलेला विषय आहे : गुणवत्तेच्या प्रमाणपत्रासाठी बाहेरचे तपासनीस येणार असतील तर आपल्या माणसांची आणि आपल्या गिऱ्हाइकांची तयारी कशी करावी? पालकांपैकी काहींना वाटेल, हा कारखानदारांचा विषय, आमच्यापुढे कशाला? परंतु या सभागृहात अशी किती घरे असतील की ज्यांतून सकाळी कोणी एम.आय.डी.सी.कडे जात नाही? कोणाचा मुलगा आय.टी.आय. करून शिकाऊ उमेदवार लागला आहे, कोणाचे जावई भोसरीत वेल्डिंग करतात, कोणी कर्ज काढून दोन लेथ टाकल्या आहेत. या सर्वांच्या पोटापाण्याशी हा विषय बांधलेला आहे. म्हणून थोडे मागून सुरुवात करतो.

१९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. त्याच दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, उभी राहिली. १९७० साली येथे नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. पुढे कारखानदारी चाकणकडे सरकली. बजाजचा तेथील कारखाना १९९९ सालचा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे २००९ सालचे. मोठ्या कारखान्याच्या फाटकावर नाव मोठे असते खरे, पण गाडीचे हजारो भाग काही एका छताखाली होत नाहीत. ते भोसरी, चिखली, तळवडे अशा ठिकाणच्या पत्र्याच्या शेडमध्येही होतात. एका शेडमधून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असा प्रवास करीत तो भाग गाडीला लागतो. अशा प्रवासात मोठ्या कारखान्याने लहान शेडवर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा?

या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे प्रमाणपत्र. आंतरराष्ट्रीय मानक संघटना, जिला आपण आय.एस.ओ. म्हणतो, ती १९४७ साली स्थापन झाली. गुणवत्ता व्यवस्थेची तिची मानके १९८७ साली प्रथम निघाली. त्यांपैकी आय.एस.ओ. ९००१ मध्ये १९९४, २०००, २००८ आणि २०१५ साली सुधारणा झाल्या. वाहन उद्योगासाठी त्याहून कडक असे आय.ए.टी.एफ. १६९४९ हे मानक २०१६ साली आले. हे प्रमाणपत्र घ्याच, असा कायदा नाही. पण वाहन कंपन्या आपल्या पुरवठादारांकडे ते मागतात, पुरवठादार आपल्या पुरवठादारांकडे काही ना काही मागतात, आणि अशा रीतीने ही मागणी पत्र्याच्या शेडपर्यंत येऊन पोहोचते.

एक गैरसमज येथेच दूर करतो. आय.एस.ओ. स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते देणाऱ्या संस्था वेगळ्या असतात, आणि त्या संस्थांचीही परीक्षा घेणारी मंडळे असतात. आपल्या देशात १९९७ साली स्थापन झालेल्या भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अंतर्गत असे एक मंडळ आहे. जी संस्था तपासते तिने त्याच कारखान्याला सल्लागार म्हणून शिकवू नये, असा नियम आहे. परीक्षकानेच शिकवणी घ्यायची नसते, तसेच हे. तेव्हा कोणी दारात येऊन म्हणाला, की 'तपासणीची काळजी सोडा, पैसे भरा, आठवड्यात कागद आणून देतो', तर त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावे. तो कागद फ्रेममध्ये शोभेल. जाणत्या गिऱ्हाइकापुढे तो टिकणार नाही.

आता मी आपल्याला एक गोष्ट सांगतो. ती माझीच आहे, आणि तीत मला शोभेल असे काही नाही.

साधारण १५ वर्षांपूर्वी मी एका लहान कारखान्यात तपासणी विभाग पाहत होतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. आम्ही शाफ्ट करीत होतो. २५ मिलिमीटर व्यास, आणि फरक चालेल तो इकडे-तिकडे दोन शतांश मिलिमीटर. माणसाचा केस साधारण याच मापाच्या दोन-चार पट जाड असतो. दर तासाला एक नग मोजावा आणि माप रजिस्टरमध्ये लिहावे, असा आमचा लेखी नियम होता. माल आम्ही मोजत होतो, पण लिहीत मात्र नव्हतो. कामाच्या गर्दीत 'नंतर लिहू' म्हणता म्हणता सहा महिने गेले, आणि तपासनीस उद्या येणार असे कळले.

त्या रात्री मी आमच्या शिकाऊ उमेदवाराला थांबवून घेतले. एकोणीस वर्षांचा मुलगा, अक्षर मोत्यासारखे. त्याच्यापुढे कोरे रजिस्टर ठेवले, हातात पेन दिले आणि म्हटले, "बेटा, सहा महिन्यांचे भरून काढ." त्याने एकदाच विचारले, "भाईजान, माप कोणते लिहू?" मी म्हणालो, "पंचवीसच्या आसपास काहीही." रात्री दोनपर्यंत तो मान मोडून लिहीत होता.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. शांत स्वभावाचे गृहस्थ होते. त्यांनी रजिस्टर चाळले आणि सहज विचारले, "गुरुवारी कारखाना चालू असतो का?" आमच्या भागात बऱ्याच लहान कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि आमचीही होती. मुलाने रात्रीच्या झोपेत सगळे गुरुवार भरून टाकले होते. मी म्हणालो, "कधीकधी ओव्हरटाइम असतो, साहेब." त्यांनी मान हलवली आणि हजेरीचे मस्टर मागितले. मग एका तारखेवर बोट ठेवून त्या मुलाला विचारले, "या दिवशी ही सही तुमचीच ना?"

तो दिवस ईदचा होता.

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. तेव्हा तो मुलगा म्हणाला, "साहेब, त्या दिवशी ईद होती. मी घरी होतो. हे मी काल रात्री लिहिले."

आमच्यावर मोठी त्रुटी नोंदवली गेली. अशी त्रुटी दूर होऊन तिची खात्री पटेपर्यंत प्रमाणपत्र मिळत नाही. ज्या गिऱ्हाइकाने 'प्रमाणपत्र आले की ऑर्डर वाढवतो' असे सांगितले होते, त्याने वाट पाहिली नाही. मालकांनी त्या मुलाला बोल लावला, की 'तुला गप्प बसता आले नाही?' आणि मी, ज्याने पेन दिले होते, आठ दिवस गप्प बसलो. नवव्या दिवशी मालकांकडे जाऊन खरे सांगितले. ते माझ्यावर रागावले आणि नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. पण तोवर मुलाचे मन उडाले होते. महिना-दोन महिन्यांत तो काम सोडून गेला. त्याची मी पुढे कधी नीट माफी मागितली नाही, याचा सल मला आजही आहे. आज आपल्यापुढे बोलायला मी तयार झालो त्याचे एक कारण तेच आहे. आपली मुले उद्या अशाच एखाद्या कारखान्यात जातील, आणि तेथे कोणीतरी माझ्यासारखा 'भाईजान' त्यांच्या हातात पेन देईल.

मित्रहो, त्या रजिस्टरमध्ये आणखी एक गोष्ट तपासनीसांच्या नजरेला आली होती, ती मला पुढे कळली. मुलाने बहुतेक ठिकाणी २५.०० लिहिले होते, मधूनच २५.०१. खरे माप असे नसते. हत्यार झिजते, लोखंड तापते, दुपारचा माणूस सकाळच्या माणसाइतका ताजा नसतो. त्यामुळे खरी मापे थोडी वर-खाली होतात. या वर-खाली होण्याचाच अभ्यास करून वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन तज्ज्ञाने १९२४ साली नियंत्रण आलेख तयार केला. कोणता फरक स्वाभाविक आणि कोणता बिघाडाचा, हे त्या आलेखावरून ओळखता येते. हे शूहार्ट १९४७-४८ च्या सुमारास आपल्या देशातही येऊन गेले, आणि प्रा. महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने या विद्येचा येथे प्रसार केला. तात्पर्य असे, की खऱ्या नोंदीत थोडी हालचाल असते. बनावट नोंद फार शहाण्यासारखी सरळ बसते, आणि जाणत्या माणसाला ती तिथेच ओळखू येते.

त्यानंतर आम्ही तयारी पुन्हा पहिल्यापासून केली. ती कशी केली ते आता सांगतो.

पहिली गोष्ट, माणसांची तयारी. तपासनीस तीन गोष्टी एकमेकींशी ताडून पाहतो : कागदावर काय लिहिले आहे, यंत्रापाशी काय चालले आहे, आणि माणूस तोंडाने काय सांगतो. म्हणून आम्ही उत्तरे पाठ करून घेणे बंद केले. प्रत्येकाला चारच प्रश्न विचारले : तू काय करतोस? ते कसे करायचे हे कोठे लिहिले आहे? माल चुकला तर तू काय करतोस? आणि तुझी चूक पुढे गेली तर कोणाचे नुकसान होते? लेथवर ३० वर्षे काढलेल्या आमच्या एका चाचांना पहिल्या प्रश्नाचेही उत्तर देता येईना. हात सगळे जाणत होते, जीभ अडत होती. मग ध्यानात आले, की भिंतीवरची सूचना इंग्रजीत होती. चाचांना मराठी आणि उर्दू वाचता येत होते, शेजारच्या बिहारी मुलाला हिंदी. आम्ही सूचना मराठीत आणि हिंदीत लिहिल्या, शेजारी चित्रे काढली. नापास मालासाठी लाल पेटी ठेवली आणि तिला कुलूप लावले, म्हणजे घाईत तो माल चांगल्या मालात मिसळू नये. 'मला माहीत नाही, विचारून सांगतो' हे उत्तरही बरोबर असते, हेही सर्वांना सांगितले. न समजता ठोकून दिलेल्या उत्तरापेक्षा ते शंभर पटींनी बरे.

दुसरी गोष्ट, घरची तपासणी. बाहेरचा येण्यापूर्वी आपणच आपल्याला तपासायचे, मात्र कोणी स्वतःचे काम स्वतः तपासायचे नाही. आमच्याकडे डिप्लोमा झालेल्या बावीस वर्षांच्या मुलीने चाचांच्या यंत्राची तपासणी केली. चाचांच्या मायक्रोमीटरची प्रमाणित प्रयोगशाळेत पडताळणी करून घेण्याची तारीख उलटून गेली होती. तिने तसे लिहिले. चाचा रागावले, जेवायला बसले नाहीत. संध्याकाळी ती त्यांच्यापाशी गेली आणि म्हणाली, "चाचा, मी तुमच्या हाताला चूक म्हटले नाही, अवजाराला म्हटले." मग आम्ही 'का' विचारीत गेलो. तारीख का उलटली? कोणी आठवण केली नाही. का? आठवण करणे कोणाच्याच कामात लिहिलेले नव्हते. म्हणजे चूक चाचांची नव्हती, व्यवस्थेची होती. आम्ही सर्व अवजारांची यादी केली, प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी चिकटवली आणि जबाबदारी त्या मुलीकडेच दिली. दुसऱ्या महिन्यात चाचा स्वतः तिला आठवण करू लागले.

तिसरी गोष्ट बहुतेक लोक विसरतात. ती म्हणजे गिऱ्हाइकाची तयारी. आपल्याकडे पुष्कळ काम मजुरीवर चालते. माल गिऱ्हाइकाचा, ड्रॉइंग त्याचे, डाय त्याची, गेजसुद्धा त्याचा. आपल्या हाती फक्त मेहनत. म्हणजे आपल्या शेडमधली निम्मी मालमत्ता ही दुसऱ्याची ठेव असते, आणि ती ओळखून, सांभाळून, मोडली तर कळवून ठेवावी असे मानकातही सांगितले आहे. अमानत हा शब्द आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला पत्र लिहिले : 'अमुक तारखेला तपासनीस येत आहेत, आपली ड्रॉइंग त्यांच्या नजरेस पडतील, आपली हरकत असल्यास कळवावे.' एकाने हरकत घेतली. त्याची ड्रॉइंग आम्ही बाजूला ठेवली आणि तपासनीसांना तसे सांगितले. दुसरे असे कळवले, की फोनवर तोंडी बदल सांगू नका, दोन ओळी लिहून पाठवा. तिसरे, ड्रॉइंगची शेवटची आवृत्ती कोणती ते विचारून घेतले. तेव्हा समजले, की आमच्या भिंतीवरच्या तीन ड्रॉइंग जुन्या होत्या. त्या उतरवल्या. आणि चौथे, आमच्या मालाबद्दल काय तक्रारी आहेत त्या लेखी मागवल्या. मालकांना वाटले, आपण होऊन तक्रारी मागणे म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणे. पण ज्या कारखान्याच्या वहीत एकही तक्रार नाही, त्याची वही तपासनीस अधिक बारकाईने पाहतो.

चार महिने आम्ही खरी मापे लिहिली. मधे तीन दिवस मायक्रोमीटर दुरुस्तीला गेला होता. माझ्याच हाताखालचा माणूस म्हणाला, "साहेब, तीनच दिवस आहेत, भरून टाकू?" मी त्याला लिहायला सांगितले : 'मायक्रोमीटर दुरुस्तीला, या काळातील माल व्हर्नियरने न मोजता अडवून ठेवला, चौथ्या दिवशी मोजून सोडला.' तपासणीच्या दिवशी ते पान उघडले गेले. तपासनीसांनी ते वाचले, अडवून ठेवलेल्या मालाची पावती मागितली, पाहिली आणि पान उलटले. त्या वेळीही तीन लहान त्रुटी निघाल्या. त्यांची कारणे आणि उपाय आम्ही लिहून दिले, आणि प्रमाणपत्र आले. ते तीन वर्षांचे असते, पण दरवर्षी तपासणीला कोणीतरी येतेच. म्हणून ती रजिस्टरे पुढेही रोजच्या रोज भरावी लागली, आणि भरली.

आता विद्यार्थी मित्रांनो, थोडे तुमच्याकडे वळतो. तुमच्यापैकी किती जणांची प्रयोगवही परीक्षेच्या आदल्या रात्री पुरी होते? हात वर करू नका, मी तपासनीस म्हणून आलेलो नाही. लंबकाचा प्रयोग न करताच उत्तर ९.८ आणायचे आणि त्यावरून उलटी मापे लिहायची, ही युक्ती मीही केली आहे. त्यात मला गुण मिळाले. आज वाटते, त्या रात्री मी मुलाला जे पेन दिले ते मी शाळेतच उचलले होते. म्हणून सांगतो, तुमचे उत्तर ९.३ आले तर ९.३ लिहा, आणि खाली लिहा की दोरी लांब-आखूड झाली असावी, किंवा घड्याळ दाबायला उशीर झाला असावा. हे ज्याला लिहिता येते त्याला कारखान्यात तपासणी विभाग शिकवावा लागत नाही. इंग्रजी शिका, ड्रॉइंग वाचायला शिका, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात घ्या. मुलींनी तर अवश्य घ्यावा. या कामाला ताकद लागत नाही, नजर आणि सचोटी लागते.

पालकांना आणि शिक्षकांना माझी एक विनंती आहे. मुलाची वही खाडाखोड केलेली, पण रोजची असेल, तर तिला स्वच्छ पण एका रात्रीत उतरवलेल्या वहीपेक्षा अधिक मान द्या. आणि मुलगा नोकरीतून घरी येऊन म्हणाला, की 'अब्बा, आज मी खरे बोललो म्हणून साहेब रागावले', तर त्याला 'तुला गप्प बसता आले नाही?' असे म्हणू नका. ते वाक्य त्याने कारखान्यात ऐकलेले असेल. घरी त्याला दुसरे काही ऐकू येऊ द्या.

त्या मुलाच्या अब्बांनी त्याला त्या दिवशी घरी काय म्हटले, ते मला ठाऊक नाही. काही चांगले म्हटले असावे, अशी मी आशा बाळगून आहे.